मागच्या उतारावरची सात कौलं

गिल्बर्ट अंकल घर बांधायला घेतात ते छपरापासून. भिंती नंतर, जोतं सगळ्यात शेवटी. त्यांचं म्हणणं, बघणारा वरूनच बघणार, त्याला तुमच्या भिंती कशाला दिसतायत. आणि ते खरं आहे, कारण त्यांची घरं टेबलावर मावतात. खऱ्या इमारतीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याची स्टेशनं, मालधक्के, केबिनी, गेटमनच्या चौक्या. मॉडेल रेल्वे चालवणाऱ्यांचं ठाण्यात एक छोटं मंडळ आहे. त्यांच्या रुळांच्या कडेला जेवढी छपरं दिसतात तेवढी सगळी अंकलच्या हातची.

अंकल बहात्तर वर्षांचे. माजिवड्याच्या जुन्या गावठाणात, चारी बाजूंच्या टॉवरांच्या मधोमध, गर्ट्रूड आंटींबरोबर राहतात. रेल्वेत ते छपरांचे मिस्त्री होते. चौतीस वर्षं शिडी लावून स्टेशनांची आणि क्वार्टरांची कौलं उतरवून, फुटकी बदलून चाळली, पत्रे बदलले. रिटायर झाल्यावर डॉक्टरांनी शिडी बंद केली, तेव्हा त्यांनी छप्परच खाली टेबलावर आणलं.

माझी ओळख केनेथमुळे झाली. केनेथ त्यांचा पुतण्या. आम्ही दोघं मानपाड्याला एका रंगाच्या कारखान्यात कामाला आहोत. मी लॅबमध्ये. कोटिंग टेक्नॉलॉजीची डिग्री आहे माझी, आणि आमच्या घरात डिग्री घेणारी मी पहिलीच, त्यामुळे ती जरा जास्तच मिरवते. एकदा डबा खाताना केनेथ म्हणाला, "तुम्ही लोक गंज लागू नये म्हणून मरता, आणि माझा काका घरी बसून गंज पिकवतो." त्याच शनिवारी मी कोपरहून माजिवड्याला गेले.

खरंच पिकवत होते. भांडी घासायची तारेची घासणी त्यांनी जॅमच्या बाटलीत व्हिनेगर घालून बुडवली होती. आठवड्याने तिचा तांबडा गाळ होतो. तो वाळवून, कुटून, मलमलीतून गाळून ते पत्र्यांना लावतात. पत्रेही घरचेच, हॉटेलातून पार्सल येतं त्या अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यांचे. खाचा पाडलेल्या फळीवर तुकडा ठेवायचा आणि रिकाम्या रिफिलीने दाबत जायचं. आंटींची तक्रार एकच होती. व्हिनेगर त्या विंदालूसाठी आणतात आणि ऐन वेळी बाटली उघडली की तळाला दोन चमचे.

त्यानंतर वर्षभर माझे शनिवार तिथे गेले. काचबिंदूने अंकलचा डावा डोळा आधीच गेला होता आणि उजव्याची नजर आकसत चालली होती. डॉक्टरांनी थेंब देऊन सांगितलं होतं की आहे तेवढं टिकवायचं बघू. म्हणून या वर्षी अंकलनी मंडळाचं काम घेतलं नाही. एकच घर करायचं ठरवलं, स्वतःचं. कसाऱ्याकडच्या एका लहान स्टेशनाजवळचं गेटमनचं क्वार्टर, आता पाडून टाकलेलं. हेच का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, माझ्या डोक्यात आहे ते. मी पुढे विचारलं नाही.

नऊशे बारा कौलं. प्रत्येक कौल मुगाच्या डाळीएवढं, जाड कागदाचं, साच्यात दाबून काढलेलं आणि चिमट्याने बसवलेलं. आठ महिने लागले. रंग झाल्यावर अंकल त्यांच्या खऱ्या कामाला लागले, म्हणजे छपराला पाऊस, ऊन आणि धूर दाखवायला. त्यासाठी ते दुसरं काही वापरत नाहीत. शाळेचे रंगीत खडू किसून केलेली पूड, चिमणीच्या काचेवरची काजळी आणि आंटींच्या जुन्या पावडरीचा ब्रश. वळचणीच्या ओळींवर शेवाळाचा हिरवा, उन्हाच्या बाजूला फिकट गुलाबी, चुलीच्या वर काजळीचा डाग. फुंकर मारत, थांबत, परत लावत. मी म्हटलं होतं, हे उडून जाणार. ते म्हणाले, "धूळ ती. उडणारच. परत लावायची." मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनाच्या हॉलमध्ये पोचल्यावर ते दर वेळी तासभर बसून उडालेलं परत भरायचे. पूड पक्की बसावी म्हणून वरून काही मारायला त्यांचा सक्त नकार होता.

पण या वर्षी हॉलच्या उजेडात बसून ते भरणं त्यांना जमणार नव्हतं. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

डिसेंबरात प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्याची गोष्ट. त्याआधी तीन शनिवार मला जाता आलं नव्हतं, कारखान्यात ऑडिट होतं. रविवारी सकाळी गेले तेव्हा छप्पर पूर्ण झालेलं होतं. मी पुढच्या बाजूचे फोटो काढले, तोंडभर कौतुक केलं. अंकलनी घर फिरवून मागचा उतार दाखवला. "हा नीट बघ," म्हणाले. मी बघितला. म्हणजे डोळे तिकडे नेले. तेवढ्यात माझा फोन वाजला, मग आंटींनी चहा आणला. त्यानंतर ते दोघं चर्चमध्ये मिस्साला गेले. मला सांगून गेले की घर खोक्यात भरून ठेव, मंडळाकडे तूच ने.

माझ्या बॅगेत लॅबमधून आणलेला मॅट लॅकरचा स्प्रे होता. खोटं कशाला बोलू, तो मी ठरवूनच आणला होता. मनात पूर्ण चित्र होतं. अंकल हॉलमध्ये येतील, एक कणही उडालेला नसेल, ते विचारतील हे कसं, आणि मी सांगेन.

तीन हात मारले, एक फुटावरून, पातळ. आधी सगळं ओलं दिसलं. ते अपेक्षित होतं. मग ते वाळलं, आणि छपरावर काहीच उरलं नाही. शेवाळ नाही, उन्हाचा फिकटपणा नाही, धूळ नाही. काजळी तेवढी राहिली होती, ती पसरून एक गुळगुळीत काळा ठिपका झाली होती. नऊशे बारा कौलं कालच भट्टीतून आल्यासारखी लालभडक.

खडूची पूड कोरडी असते तोवर दिसते, कारण तिच्या कणांच्या मध्ये हवा असते. ती लॅकरमधल्या राळेत भिजली की पारदर्शक होते. म्हणून तर रंगाच्या कारखान्यात तिला रंग म्हणून नाही, भरताड म्हणून घालतात. हे मी दुसऱ्या वर्षाला शिकले होते. याच वर्षी जूनमध्ये लॅबमध्ये आलेल्या ट्रेनींना फळ्यावर आकृती काढून शिकवलंही होतं.

मिस्सा संपायला अर्धा तास होता. मी घर खोक्यात भरलं, खोक्याला टेप मारला आणि ते परत आले तेव्हा सांगितलं की झालं, मी घरी घेऊन जाते, पुढच्या रविवारी थेट हॉलवर आणते. अंकल म्हणाले, हळू ने. आंटींनी माझ्या हातात नेव्हरीचा, नाताळच्या करंज्यांचा डबा दिला. तो मी घेतला.

पुढचे पाच दिवस कामावरून आले की मी आमच्या जेवणाच्या टेबलावर बसायचे. खडू, काजळी, ब्रश, आणि फोनवर ते फोटो मोठे करून. मम्मीने पहिल्याच दिवशी विचारलं की लाखभराच्या फिया भरल्या त्या खडू किसायला का. मी हसले नाही, तेव्हा ती दुसऱ्या दिवसापासून ताटं ओट्यावर वाढायला लागली.

पुढचा उतार फोटोंवरून जमला. चांगला जमला. मागच्या उताराचा फोटो नव्हता. मी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला, पण मला फोनची रिंग आठवली आणि चहाचा कप. शेवटी कुठल्याही छपरावर असतं तसं केलं. खाली शेवाळ, वर धूळ, मध्ये दोन ओघळ. रोज एकदा अंकलना फोन करून विचारायचे, जेवलात का, थेंब घातले का. ते विचारायचे, घर ठीक? मी म्हणायचे, एकदम ठीक.

रविवारी हॉलमध्ये अंकल इस्त्रीचा शर्ट घालून आले. घराभोवती माणसं होती. अंकलनी खिशातून भिंग काढून पुढचा उतार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितला. चुलीवरच्या डागापाशी थांबले, मान हलवली. माझा जीव भांड्यात पडला.

मग बाराच्या सुमाराला गर्दी पांगली तेव्हा त्यांनी मला शेजारी बसवलं आणि हे घर का, ते सांगितलं. मी विचारलं नव्हतं तरी.

त्या क्वार्टरमध्ये काळुराम नावाचा गेटमन राहायचा, त्याच्याबरोबर त्याची मुलगी मालन. बायको मुलगी लहान असतानाच गेली होती. एक्केचाळीस वर्षांपूर्वी पावसाच्या आधी अंकल तिथलं छप्पर चाळायला गेलेले. काम संपत आलं आणि सात कौलं कमी पडली. नवी मागवायची तर दोन दिवस थांबावं लागलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी अंकलचं लग्नाचं बोलणं होतं, आंटींच्या घरी. त्यांनी तडकलेलीच सात कौलं परत बसवली, वरून सिमेंटचा हात फिरवला आणि निघून आले. जुलैत त्याच जागेतून पाणी आलं. खाली माळ्यावर पेटी होती. पेटीत काळुरामच्या बायकोचा फोटो होता, एकच होता तो. त्याचा लगदा झाला.

"मला ते कळलं दिवाळीच्या सुमाराला, त्याच लाइनीवर पुढच्या स्टेशनाला कामाला गेलेलो, तिथे तो भेटला तेव्हा," अंकल म्हणाले. "मी काय बोलणार, मला सुचेना. तर तोच मला चहा देऊन म्हणतो, पाऊसच जोराचा होता यंदा, मिस्त्री. तुमचा काय दोष."

काळुराम आता नाही. पण पेन्शनरांच्या ओळखीतून अंकलनी मालनताईंचा पत्ता काढला होता. त्या कल्याणला राहतात, अंगणवाडीत शिकवतात. त्यांना त्यांनी चार वाजता बोलावलं होतं. मागच्या उतारावर ती सात कौलं त्यांनी केली होती, तडे आणि सिमेंटचा पट्टा त्याच पुडीने काढून. त्या कौलांवर बोट ठेवून अंकलना मालनताईंना सांगायचं होतं की पाऊस नव्हता, मी होतो.

"तोंडी बोलायला मला जमत नाही," ते म्हणाले. "बोटाने जमेल. तो टेबल-लॅम्प जरा असा फिरव, म्हणजे ती सात नीट दिसतील."

मी घर फिरवलं. लॅम्प हातात धरला. समोर माझं शेवाळ, माझी धूळ, माझे दोन ओघळ. बॅगेत खडूची पूड होती. चार वाजायला चार तास होते. जागा कळली असती तर अर्ध्या तासात सात पट्टे मारता आले असते आणि कोणालाच काही कळलं नसतं.

"कितव्या ओळीत आहेत?" मी विचारलं.

अंकलनी माझ्याकडे मान वळवली. त्यांना मी पूर्ण दिसत नसणार, पण ते बघत राहिले.

"तू बघितलेलीस ना?"

तेव्हा मी सांगितलं. लॅकर, तीन हात, खडू का दिसेनासा होतो, पाच दिवस, फोटो. मी भराभर सांगत होते आणि मध्येच माझ्या लक्षात आलं की मी त्यांना राळेचं शास्त्र समजावते आहे. तिथे थांबले. म्हटलं, सॉरी अंकल.

त्यांनी भिंग टेबलावर ठेवलं. मला वाटलं, आता म्हणतील जाऊ दे पोरी, चांगल्यासाठीच केलंस. खरं सांगायचं तर मी त्याचीच वाट बघत होते.

ते ओरडले. पलीकडच्या टेबलावर इंजिन चालवणारे मंडळाचे लोक वळून बघायला लागले. आठ महिने, म्हणाले. उरलेल्या डोळ्याचे आठ महिने. वरून काही मारायचं नाही हे किती वेळा सांगितलेलं तुला? आणि ते ठीक, चूक होते, पण "पाच दिवस तू मला फोन करून विचारत होतीस, जेवलात का. पाच दिवस!" आंटी त्यांच्या दंडाला धरून बसवायला लागल्या, तर त्यांनी हात सोडवून घेतला. मी खाली बघत उभी होते. कान तापले होते. रडू आलं ते मी येऊ दिलं.

मग त्यांचा आवाज खाली आला.

"काळुरामने मला असा झापला असता ना, तर मी दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन गेलो असतो. तो बोलला पाऊस जोराचा होता. मग मी गेलोच नाही. त्या गावाला परत पायच ठेवला नाही. म्हणून तुला ओरडतोय. कळलं?"

मी मान हलवली.

"मग बस खाली. पूड काढ."

त्यांनी सांगितलं तसं मी केलं. वळचणीपासून चौथी ओळ, डाव्या भिंतीपासून अकरावं कौल, तिथून पुढे सात. टोकदार पेन्सिलीने तडा, त्यावर पांढऱ्यात काजळीचा कण मिसळून सिमेंटचा पट्टा. एक पट्टा जाड झाला तर त्यांनी भिंगातून बघून पुसायला लावला. हात एवढा निष्काळजी नव्हता, म्हणाले, घाईत होतो पण मिस्त्री होतो. साडेतीनला सातही झाली. माझ्याशी ते कामापुरतंच बोलत होते.

मालनताई चारच्या आधीच आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. अंकल उभे राहिले. नमस्कार झाला, आंटींनी खुर्ची दिली. ताईंनी घराकडे बघितलं आणि पिशवी मांडीवरच राहिली. "अगं बाई," एवढंच म्हणाल्या. मग बोटाने हवेतच दाखवायला लागल्या. इथे न्हाणी, इथे बाबा हिरवी बावटी लावायचे, इथे शेवग्याचं झाड होतं, ते नाही केलं का?

अंकलनी घर फिरवलं. माझा हात धरून स्वतःचं बोट बरोबर चौथ्या ओळीवर नेलं आणि सांगितलं. बोटाने जमेल म्हणाले होते, पण शेवटी तोंडानेच सांगावं लागलं, अडखळत, लग्नाच्या बोलण्याची गोष्टही न लपवता. आंटी दुसरीकडे बघत होत्या. बहुतेक त्याही ते पहिल्यांदाच ऐकत होत्या.

ताई ऐकून घेत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाबांना माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"कौलं तडकलेली ते. पाणी आलं त्याच दिवशी भर पावसात वर चढलेले ते. मी खाली शिडी धरलेली. पण मला काही बोलले नाहीत. मी त्यांच्यावरच चिडले, पेटी तिथे का ठेवली म्हणून. आईचा फोटो तुम्ही घालवला, असं म्हणाले त्यांना." त्या थांबल्या. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. "दोन वर्षं धड बोलले नाही मी त्यांच्याशी, मिस्त्रीकाका. तुमचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही."

अंकल खुर्चीत बसले. मला वाटतं त्यांनी चाळीस वर्षांत खूप उत्तरं मनात धरून ठेवली असतील. माफी, शिवी, रडणं. हे त्यात नव्हतं. एका फोटोचं ओझं घेऊन ते आले होते, आणि आता त्यात त्या बाप-लेकीची दोन वर्षंही आली. ताईंचंही तेच झालं असणार, कारण त्या अंकलकडे बघत नव्हत्या, छपराकडे बघत होत्या. दोघांपैकी कोणीच दुसऱ्याला काही झालं नाही असं म्हणालं नाही. मी तर तिथे असायलाच नको होते.

मग ताई वाकल्या आणि चौथ्या ओळीजवळ डोळे नेले.

"पण अशी नव्हती ही," त्या म्हणाल्या. "बाबांनी तडकलेली काढून टाकली ना. कोंबड्यांच्या खुराड्यावरची सात काढून इथे घातली. जुनी होती, काळी पडलेली. लांबूनच ओळखू यायची. शाळेतून येताना मला आधी तीच दिसायची."

अंकलनी भिंग खिशात ठेवलं.

"मी परत गेलो असतो तर बघितली असती," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. सकाळपासून पहिल्यांदाच नावाने हाक मारली. "समीक्षा, काढ ती सात."

माझ्या हाताखाली चिमटा होता. मी एकेक कौल सोडवलं. लॅकरमुळे ती घट्ट बसली होती, दोन फाटली. जाड कागद नव्हता, म्हणून आंटींनी पर्समधून कोणाच्या तरी दुकानाचं कार्ड काढून दिलं. त्यातून मी सात कापली, रिफिलीने दाबली, लाल खडूची पूड लावून वर काजळी फिरवली. ताईंना एक दाखवलं.

"अजून काळं," त्या म्हणाल्या.

अजून काळं केलं. त्यांनी मान हलवली, मग पुन्हा थांबवलं. तिसरं कौल कोपऱ्यात तुटकं होतं, म्हणाल्या. तेही तोडलं. सात जागच्या जागी बसवली तेव्हा हॉलच्या दारातूनही ती वेगळी दिसली असती.

अंकलना ती दिसली की नाही मला माहीत नाही. त्यांनी बोटाचं टोक ओळीवरून हळूच नेलं, तुटक्या कोपऱ्यापाशी थांबवलं.

"राहू दे आता असंच," ते म्हणाले. "आणि वरून काही मारू नकोस."